तालमीवाचून तीनशे कंठ

रविवारच्या उपासनेस एखाद्या ख्रिस्तमंदिरात सहज म्हणून जाऊन मागच्या बाकावर बसलेल्या परक्या माणसास एक गोष्ट हटकून चकित करते. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगतात, पुस्तकांची पाने उलटतात, पेटीवर किंवा ऑर्गनवर चालीची एक ओळ वाजते, आणि तीनशे माणसे एकदम उभी राहून एका चालीवर, एका लयीत गाऊ लागतात. त्यांत शाळामास्तर असतात, परिचारिका असतात, दात पडलेल्या आजीबाई असतात, नुकतीच मिसरूड फुटल्याने आवाज घोगरा झालेली पोरे असतात, आणि ज्यांना अद्याप वाचताही येत नाही अशी चिमुरडीही असतात. ह्यांपैकी बहुतेकांनी गाण्याची शिकवणी कधी घेतलेली नसते, त्या दिवसाच्या गीताची तालीमही केलेली नसते, आणि समोर हातवारे करून ताल दाखविणारा कोणी असेलच असेही नाही.

हे कसे साधते असे विचारले असता ‘श्रद्धा’ असे एका शब्दाचे उत्तर मिळते, व ते निम्मेच खरे आहे. श्रद्धेमुळे माणसास गावेसे वाटते. परंतु तीनशे माणसांना एकत्र गाता येते ते श्रद्धेमुळे नव्हे, तर त्या गीतांच्या घडणीत शतकानुशतके मुरलेल्या कारागिरीमुळे. ही कारागिरी न शिकलेल्या कंठांसाठी केलेली आहे, आणि तिच्या साऱ्या मर्यादा, म्हणजे चालीचा साधेपणा, ओळींची ठरलेली लांबी, पुनःपुन्हा येणारे ध्रुवपद, ह्या तिच्या उणिवा नसून तिची साधने आहेत.

बोलणे फाटते, गाणे जुळते

दहा माणसांना एखादा लांबलचक ठराव एकत्र वाचावयास सांगून पाहावे. पहिल्या वाक्यापर्यंत सारे बरोबर असतात; दुसऱ्यात कोणी घाई करतो, कोणी स्वल्पविरामाशी थबकतो, आणि तिसऱ्या वाक्याच्या सुमारास एक अस्पष्ट गलबला तेवढा ऐकू येतो. कारण उघड आहे. बोलण्यास नियमित ठोका नसतो, आणि पुढचे अक्षर नेमके केव्हा उच्चारावयाचे ह्याचा अंदाज शेजाऱ्याला बांधता येत नाही. जेथे लोक नित्य एकत्र प्रार्थना म्हणतात तेथे ह्या अडचणीतून आपोआप एक वाट निघते: वाक्ये संथ होतात, चढउतार नाहीसे होतात, आणि बोलणे एका सुरावर येऊन ठेपते. म्हणजे सामुदायिक बोलणे टिकावयाचे तर त्याला अर्धेमुर्धे गाणे व्हावेच लागते.

गाण्यात ठोका आधीच ठरलेला असल्यामुळे पुढचे अक्षर केव्हा येणार हे प्रत्येकास अगोदर कळते. सुराचेही तसेच. एकटा गाणारा थोडा चढा किंवा उतरता लागला की ऐकणाऱ्याच्या कपाळास आठी पडते. परंतु शेकडो आवाजांत कोणी किंचित वर असतो, कोणी किंचित खाली, आणि ते सारे मिळून एक रुंद, भरदार सूर कानी पडतो, ज्याचा मध्य बहुधा योग्य ठिकाणीच असतो. शिवाय पुरुष व स्त्रिया एकाच चालीचे सूर एका सप्तकाच्या अंतराने लावतात व ते कानाला एकरूपच वाटतात. बेसूर माणसाला संभाळून घेण्याची ही सोय मैफलीत नाही, मंडळीत आहे.

सुभेदाराचा अहवाल

ख्रिस्ती लोक एकत्र गातात ह्याचा ख्रिस्ती नसलेल्या माणसाने दिलेला एक फार जुना दाखला रोमन साम्राज्याच्या सरकारी दप्तरातला आहे. बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी ह्याने इसवी सन 112 च्या सुमारास सम्राट त्राजान ह्यास ह्या नव्या पंथाविषयी अहवाल पाठविला. कसून तहकीकात करून त्याच्या हाती जे लागले ते असे की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने म्हणतात. आळीपाळीने म्हणजे एका गटाने एक भाग म्हणावा, दुसऱ्याने पुढचा. ही पद्धत ज्यांच्यापाशी पुस्तके नाहीत त्यांना अतिशय सोयीची.

चौथ्या शतकात मिलान येथे ह्या पद्धतीची कसोटी लागली. 386 साली राजमाता जस्टिना हिच्या माणसांनी तेथील उपासनामंदिर ताब्यात घेण्याचा घाट घातला, तेव्हा धर्माध्यक्ष अँब्रोज व त्याची मंडळी आतच ठाण मांडून बसली, आणि लोकांचा धीर खचू नये म्हणून त्याने पूर्वेकडील पद्धतीप्रमाणे त्यांना स्तोत्रे गावयास लाविले. ही हकीकत संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेविली आहे. त्याच ग्रंथात पुढे तो अशीही कबुली देतो की, कधीकधी गीतातील अर्थापेक्षा स्वरच आपल्याला अधिक हलवून जातो व तेव्हा आपण अपराध करीत आहोत असे वाटते. ही शंका ख्रिस्ती धर्माने पुढे कधीच पुरती टाकून दिली नाही. लाओदिकियाच्या धर्मसभेने त्याच शतकात, नेमलेल्या गायकांखेरीज कोणी मंदिरात गाऊ नये असा जाबता केला; आणि पुढे सोळाव्या शतकात झुरिकच्या झ्विंग्ली ह्या सुधारकाने तर उपासनेतून संगीतच हद्दपार केले. तो स्वतः निष्णात वादक होता हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या भीतीला वजन येते.

मध्ययुगात पश्चिमेकडील उपासनेचे गायन बव्हंशी लॅटिन जाणणाऱ्या धर्मगुरूंच्या व गायनपथकांच्या स्वाधीन राहिले. ते मंडळीस परत देण्याची खटपट जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथरने केली. 1524 साली निघालेल्या त्याच्या पक्षाच्या पहिल्या छापील पुस्तिकेत अवघी आठ जर्मन गीते होती. जिनिव्हात सुधारक कॅल्व्हिनच्या देखरेखीखाली 1562 पर्यंत बायबलातील दीडशेही स्तोत्रे फ्रेंच पद्यात व चालींसह छापून निघाली.

मापाची युक्ती

येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. गीते शेकडो झाली. परंतु सामान्य माणसाच्या ध्यानात चाली राहाव्या किती? इंग्लंड-स्कॉटलंडकडे ह्यावर जी तोड निघाली ती आपल्या धान्याच्या पायलीसारखी आहे: माप एकदा ठरले की त्यात ज्वारी भरा की बाजरी, भरते सारखेच. गीताच्या प्रत्येक ओळीत किती अक्षरे यावयाची ह्याचे मोजके नमुने ठरविले गेले, आणि त्या नमुन्यांवर चाली बांधल्या गेल्या. मग एका मापाचे कोणतेही गीत त्या मापाच्या कोणत्याही चालीवर म्हणता येऊ लागले, आणि दहाबारा चाली येणाऱ्या मंडळीला शेकडो गीतांची किल्ली मिळाली.

जॉन न्यूटनच्या ‘अमेझिंग ग्रेस’ ह्या जगप्रसिद्ध गीताचे उदाहरण घ्यावे. त्याचे शब्द 1779 साली इंग्लंडात छापले गेले; आज आपण ज्या चालीवर ते ऐकतो ती चाल अमेरिकेत विल्यम वॉकरने 1835 साली त्याला जोडली. मधली 56 वर्षे ते गीत वेगवेगळ्या चालींवर म्हटले जाई, व त्यात कोणास काही वावगे वाटत नसे.

> चौकट : गीताच्या डोक्यावरचे आकडे
>
> इंग्रजी गीतसंग्रहांत गीतावर किंवा चालीवर आकडे छापलेले असतात. प्रत्येक आकडा म्हणजे त्या ओळीतील अक्षरांची संख्या.
>
> 8.6.8.6 : सर्वसाधारण माप. ‘अमेझिंग ग्रेस’ ह्याच मापाचे.
>
> 8.8.8.8 : दीर्घ माप.
>
> 6.6.8.6 : ऱ्हस्व माप.
>
> ह्याच रीतीने लिहावयाचे तर आपल्या मोठ्या अभंगाचे माप 6.6.6.4 असे होईल.

चाल कशी असावी ह्याचा आदर्श पाहावयाचा असेल तर लुई बूर्झ्वा ह्या जिनिव्हातील संगीतकाराच्या नावावर असलेली, 1551 मधील, आज ‘ओल्ड हंड्रेड्थ’ म्हणून ओळखली जाणारी चाल घ्यावी. तिचे माप दीर्घ, म्हणजे चार ओळी व एकूण 32 अक्षरे. प्रत्येक अक्षरास एकच सूर. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सारे सूर शुद्ध, खाली मंद्र पंचम व वर मध्य पंचम ह्यांच्या पलीकडे चाल कोठेच जात नाही, म्हणजे सारा पसारा एका सप्तकाचा. पहिली ओळ षड्जावरून पायरी पायरीने मंद्र पंचमापर्यंत उतरते व पुन्हा गांधारापर्यंत चढते. दुसरी व तिसरी षड्जाच्या आसपासच घुटमळतात. सर्वांत मोठी उडी, षड्जावरून थेट पंचमावर, चौथ्या ओळीच्या आरंभी येते. म्हणजे तिसरी ओळ संपून साऱ्यांनी श्वास भरून घेतल्यानंतर. उंच सूर जेथे लावावयाचा तेथेच छातीत हवा भरलेली असावी ही तजवीज साडेचार शतकांपूर्वीच्या त्या माणसाने करून ठेविली आहे, आणि गाणाऱ्यांपैकी शंभरात एकाच्याही ती ध्यानात येत नसेल.

आवाजाला लागणारा वेळ

एवढा बंदोबस्त असूनही लय घसरते, आणि त्यास मंडळीचा आळस कारण नसून ध्वनीचा वेग कारण आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. मंदिर 34 मीटर लांब असेल तर एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकास एकदशांश सेकंद उशिरा पोहोचतो. तेथील लोक त्या सुरास धरून गातात, व त्यांचे गाणे मूळ ठिकाणी आणखी एकदशांश सेकंदाने परत येते. आता वादकाने सौजन्याने मंडळीची वाट पाहिली आणि मंडळीने वादकाची, तर प्रत्येक ओळीगणिक गाणे मंद होत जाते. म्हणून मोठ्या मंदिरातील कसलेला ऑर्गनवादक मंडळीच्या मागे कधीच जात नाही. कानांवर पडणाऱ्या उशिराच्या आवाजाकडे काणाडोळा करून तो आपल्या ठोक्यानेच पुढे जातो.

जेथे वाद्यच नव्हते तेथे काय झाले हे अठराव्या शतकाच्या आरंभी न्यू इंग्लंडात दिसून आले. पुस्तके थोडी आणि वाचक त्याहून थोडे, म्हणून एक पुढारी ओळ उच्चारी व मग मंडळी ती गाई. लय इतकी मंदावली की एकेका अक्षरावर लोक आपापल्या परीने मुरके घेऊ लागले, आणि 1720 च्या सुमारास सुधारकांनी ह्या गोंधळाविरुद्ध ओरड करून गायनशाळा काढविल्या. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर मात्र गेलिक भाषेत ह्याच पद्धतीने आजही स्तोत्रे गातात. पुढाऱ्याची ओळ संपते न संपते तोच मंडळीचा स्वर तिच्यावर आपापल्या वेगाने येऊन आदळतो, आणि ते ऐकताना सुधारकांचे म्हणणे आपल्याला मुळीच पटत नाही.

मराठी शब्द, परकी चाल

हीच कारागिरी जेव्हा मराठी मुलुखात आली तेव्हा तिची खरी परीक्षा झाली. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1813 साली मुंबईत व 1831 साली अहमदनगरास ठाणे दिले, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी मापांच्या चाली आल्या. शब्द मराठी करावयाचे व चाल तीच ठेवावयाची ही वाट वरकरणी सोपी, परंतु तीत दोन खाचखळगे होते.

पहिला आघाताचा. इंग्रजी गीताची ओळ बहुधा हलक्या अक्षराने सुरू होते व ठोका दुसऱ्या अक्षरावर पडतो. त्या भाषेत वाक्यारंभी लहान, बिनवजनाचे शब्द मुबलक असल्याने हे सहज जमते. मराठीत वाक्याचा पहिला शब्द बहुधा वजनदारच असतो. ‘देवा’ ह्या शब्दाने ओळ आरंभिली की ‘दे’ हा उचलीच्या हलक्या मात्रेत गडप होतो आणि ‘वा’ वर ठोका आदळतो. तो टाळावा म्हणून पुढे एखादा ‘हे’ किंवा ‘रे’ चिकटवावा तर अक्षरांचा हिशेब चुकतो. दुसरा खळगा ऱ्हस्व-दीर्घाचा. चालीतला लांब सूर ‘मन’ मधील ‘म’ वर आला की ऐकणाऱ्यास ‘मान’ ऐकू येते, आणि ईश्वरास मन अर्पण करणारा भक्त मान देऊन मोकळा होतो!

ह्या दोन्ही अडचणींवर तोड ह्याच मातीत तयार होती. अभंगाच्या चरणात सहा सहा अक्षरे, शेवटच्यात चार, दुसऱ्या व तिसऱ्या चरणास यमक. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त दाखवून दिल्याप्रमाणे ह्या जातीच्या छंदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच उरत नाही, प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीने उच्चारले जाते. सारीच अक्षरे लांबली म्हणजे कानही भेद शोधण्याचे सोडून देतो आणि ‘मन’ मनच राहते. पहिल्याच अक्षरावर ठोका पडत असल्याने उचलीची कटकट नाही. साध्या भजनी ठेक्यात सहा अक्षरे सहा मात्रांत बसली की आठांपैकी दोन मात्रा उरतात. तेवढ्यात शेवटचे अक्षर लांबवावे किंवा श्वास घ्यावा. आणि ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परतून येत असल्याने ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या खेपेस गाऊ लागतो. खेड्यापाड्यांतील ज्या मंडळ्यांत अक्षरओळख विरळा होती त्यांना ही सोय केवढी वाटली असेल ह्याची कल्पना आज छापील पुस्तक हाती धरून गाणाऱ्यास यावयाची नाही.

हे ज्याने सर्वांत स्पष्ट ओळखले तो कवी नारायण वामन टिळक. कोकणातील करजगाव येथे 1861 साली जन्मलेल्या, 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांचे असे म्हणणे प्रसिद्ध आहे की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडलेलाच होता. टिळकांनी अभंग, ओवी व पदे ह्यांत इतके लिहिले की मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहातून त्यांची गीते वगळली तर पुस्तकाचा गाभाच नाहीसा होईल. माझ्या मते ह्या कार्याचे श्रेय केवळ काव्यगुणास देणे अपुरे आहे. उत्तम कवितेवर मंडळी गातेच असे नाही. टिळकांना काव्याइतकाच टाळकऱ्याचा ठोकाही कळत होता.

ह्याच मार्गाने टिळकांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी गोव्यात एक इंग्रज जेझुइट जाऊन आला होता. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास पोहोचला, आणि 1616 साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत पण मराठी ओवीत छापून निघाले. जुनी पुराणे हातची गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना ते देवळात ऐकावयास मिळे. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचे फर्मान काढले. भाषा सुटली नाही, परंतु ग्रंथाची पीछेहाट झाली. त्या मुलुखात ख्रिस्तमंदिरांना जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळे, त्यामुळे तेथे कसलेल्या गायकवादकांचा वेगळाच संप्रदाय वाढला. त्याची कथा स्वतंत्र लेखाची आहे. वसईच्या कॅथलिक मंडळींत मराठी मिस्सा व मराठी गीते रूढ झाली ती 1963 साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने मातृभाषेस मुभा दिल्यानंतर.

गमतीची गोष्ट अशी की, भजनाबरोबर ‘देशी’ म्हणून उपासनेत मानाने येऊन बसलेली पेटी मूळची पॅरिसची. देबँ नावाच्या कारागिराने 1842 साली तिचे पेटंट घेतले. पायांनी भाता हाकण्याऐवजी मागे हाताचा भाता असलेली, मांडी घालून वाजविण्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली.

श्वास, हृदय आणि श्रद्धा

आता उरला तो प्रश्न असा की, ह्या एकत्र गाण्याने माणसाच्या ठायी नेमके होते काय. ओळ जेथे संपते तेथे सारेच श्वास घेतात, व ओळ गाताना सारेच तो हळूहळू सोडतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात व सोडताना मंदावतात हा शरीराचा नित्य व्यापार आहे. तेव्हा ज्यांचे श्वास जुळले त्यांच्या ठोक्यांचे चढउतारही जुळू लागावेत हे ओघानेच आले. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील संशोधकांनी 2013 साली तरुण गायकांवर प्रयोग करून हे प्रत्यक्ष मोजून दाखविले, आणि त्या प्रयोगात गायिलेल्या रचनांत एक ख्रिस्ती स्तोत्रही होते.

तरीही ह्यावरून श्रद्धेचा उलगडा झाला असे मानणे भाबडेपणाचे होईल. श्वास फुटबॉलच्या मैदानावरील गाण्यानेही जुळतात. मंडळीच्या गाण्यात विशेष असे काही असेल तर ते हे की, ज्या दिवशी स्वतःचा विश्वास डळमळलेला आहे त्या दिवशीही माणसाच्या तोंडून विश्वासाचे शब्द निघतात, कारण शेजारचा गात असतो व ठोका थांबत नाही. दुःखात असलेल्या घरच्या माणसांना अंत्यविधीच्या वेळी स्वर फुटत नाही. तेव्हा बाकीची मंडळी त्यांच्यावतीने गाते, आणि पुढे कधीतरी ती माणसे इतरांसाठी तेच करतात. नाताळात किंवा पुनरुत्थानाच्या सणास जो उत्सव दिसतो त्याच्या तळाशीही हीच देवघेव असते.

ध्वनिक्षेपक आल्यावर

अलीकडे पुष्कळ मंडळ्यांत व्यासपीठावर गिटार, ढोल व चार ध्वनिक्षेपक आले आहेत, आणि गीताचे शब्द पडद्यावर झळकतात. ह्यास विरोध करण्याचे कारण नाही. एके काळी पेटीही नवीच होती. परंतु गाणाऱ्यास दोन आवाज ऐकू यावे लागतात, एक स्वतःचा व दुसरा शेजाऱ्याचा. व्यासपीठावरील नादाने ते दोन्ही बुडाले की तो आधी सूर चाचपडतो, मग पुटपुटतो, आणि शेवटी नुसता ऐकत उभा राहतो. त्यातून ध्वनिमुद्रणासाठी बांधलेल्या चाली एका तरबेज गळ्याच्या मापाच्या असतात; त्यांतील आड लय व उंच ताना तीनशे जणांना एकदम घेता येत नाहीत. म्हणून काही जाणते पाळक शेवटचे कडवे वाद्ये थांबवून गाववितात. मंडळीचा खरा आवाज तेव्हा ऐकू येतो. आणि अखेरीस पेटीवाल्याने पुन्हा षड्ज दिला की सारी मंडळी दरम्यान अर्धा सूर खाली उतरली होती हेही सर्वांना ऐकू येते.